आमचुराचा हंगाम आणि मोबाईलवरील वेळ

अक्कलकुवा तालुक्यातील मोलगी हे सातपुड्यातील गाव आमचुराची बाजारपेठ म्हणून सर्वपरिचित आहे. उन्हाळ्यात रायवळ आंब्याच्या कैऱ्या उतरवावयाच्या, साल काढून त्यांच्या फोडी करावयाच्या व त्या खडकावर किंवा अंगणात कडक उन्हात वाळवावयाच्या, हे काम या डोंगराळ भागात घरोघरी चालते. पूर्वी हा माल बाजारात नेऊन व्यापाऱ्यास घालणे एवढाच मार्ग विक्रेत्यास मोकळा होता. आता मोबाईलवरून मालाचे छायाचित्र व भाव पाठवून पुण्या-नाशिकच्या गिऱ्हाइकाशी थेट व्यवहार करणे छोट्या कुटुंबास किंवा महिला बचत गटासही शक्य झाले आहे. ही सोय मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु ज्या हातात सुरी असावयास पाहिजे त्या हातात दिवसभर मोबाईल राहू लागला, तर विक्री वाढण्याऐवजी विकावयाचा मालच घटतो.

याचा हिशेब मांडून पाहावा. आमचुराचे काम ६० दिवस चालते असे धरू. विक्रीच्या निमित्ताने घरातील एक माणूस रोज २ तास मोबाईलवर राहिला, तर हंगामात १२० तास खर्ची पडतात. म्हणजे ८ तासांचा एक दिवस धरल्यास पूर्ण १५ दिवस. इतके दिवस मजूर लावला असता तर त्याची मजुरी आपण वहीत लिहिली असती. मोबाईलवर गेलेले दिवस मात्र कोणीच लिहीत नाही. शिवाय हा वेळ नेमका कोणत्या घटकेस जातो, हेही महत्त्वाचे आहे. फोडी वेळेवर उलटल्या नाहीत, अथवा वळवाची सर येण्यापूर्वी गोळा केल्या नाहीत, तर त्या काळवंडतात; आणि स्वच्छ पांढऱ्या आमचुरास जो भाव मिळतो तो काळ्या मालास मिळत नाही. दुपारची वीस मिनिटे कधी कधी संपूर्ण खळ्याची किंमत ठरवितात.

व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम ही माध्यमे वापरणाऱ्यास फुकट मिळतात. त्यांचे उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचे असल्याने, पाहणारा जितका वेळ थांबेल तितका, विशेषतः फेसबुक व इन्स्टाग्राम यांवर, चालकांचा लाभ अधिक. म्हणून तेथील चित्रफितींना शेवट ठेवलेला नाही. एक संपते न संपते तोच दुसरी पुढे येते. मालाचे छायाचित्र टाकण्यास तीन मिनिटे लागतात व त्यानंतर माणूस पाऊण तास तेथेच राहतो. विक्रेत्याचा वेळ बहुधा असाच जातो.

येथे एका जुन्या प्रयोगाची आठवण उपयोगी पडेल. सन १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या संध्याकाळी, अर्ध्या तासाचा कार्यक्रम मंडळी एकत्र बसून ऐकत, त्यावर चर्चा करीत व आपल्या गावात काय करावयाचे ते ठरवीत. कार्यक्रम संपला की ऐकणेही संपे. रेडिओला स्वतःची वेळ होती. मोबाईलला ती नाही, म्हणून ती आपण घालून दिली पाहिजे. ज्या पाड्यांतील लोकांना संपर्क मिळविण्यासाठी टेकडीवर जावे लागते, त्यांना ही शिस्त अडचणीपोटी का होईना, आधीच लागलेली असते! त्यांनी वर जाण्यापूर्वी कोणाला काय कळवावयाचे ते कागदावर लिहून न्यावे, म्हणजे दुसरा हेलपाटा पडत नाही.

आमचुराच्या कामाशी जुळेल अशी वेळ पुढीलप्रमाणे बसविता येईल. सकाळी फोडी पसरून झाल्यावर दहा मिनिटे हवामानाचा अंदाज व आलेल्या मागण्या पाहाव्यात. संध्याकाळी माल आत घेतल्यानंतर अर्धा तास उत्तरे, पत्ते व पैशाचा मेळ यांसाठी द्यावा. मधल्या वेळात गिऱ्हाईक रुसेल ही भीती अनाठायी आहे. आमचूर टिकाऊ माल असून गिऱ्हाइकास तो त्याच तासाला नको असतो. त्याला उत्तर केव्हा मिळेल एवढे कळले तरी पुरे. यासाठी सन २०१८ पासून उपलब्ध असलेल्या व्हॉट्सॲप बिझनेस या ॲपचा उपयोग करावा. त्यात 'आम्ही संदेश संध्याकाळी ७ ते ७.३० या वेळात पाहतो' असे उत्तर आपोआप जाण्याची व्यवस्था करता येते. भाव, वजन, टपालखर्च व माल पोहोचण्याची मुदत हे मजकूर गटातील लिहिता येणाऱ्या सभासदाने एकदाच नीट लिहून साठवून ठेवावेत, म्हणजे तेच ते दहा वेळा लिहावे लागत नाही. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांनी आवाजी संदेश पाठवावा; तोही तितकाच चालतो.

माल वेगळा असेल तर वेळही बदलावी लागेल. डाब परिसरातील स्ट्रॉबेरीसारखे नाशवंत फळ तोडणीच्या दिवशीच विकले जावयास हवे, तेथे सकाळी अधिक वेळ देणे योग्य ठरते. भगरीला अशी घाई नाही.

हवामानाची सूचना मात्र या बंधनात घालू नये. 'मेघदूत' या ॲपवर मंगळवारी व शुक्रवारी कृषिहवामान सल्ला प्रसिद्ध होतो, तर विजेचा धोका 'दामिनी' ॲप कळविते. बाकी गटांच्या संदेशांचा आवाज बंद करून या सूचनांचा तेवढा चालू ठेवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्वतःच्या सवयीकडेही पाहावे. शेतकऱ्यांच्या गटावर रोज सकाळी फुलांची चित्रे व शुभेच्छा पाठविणारा कार्यकर्ता पन्नास घरांचा वेळ घेतो, आणि महत्त्वाची सूचना त्या गर्दीत बुडते. सूचनांचा गट निराळा ठेवून त्यात केवळ चालकासच लिहिता येईल अशी योजना करावी.

पैशाच्या बाबतीत घाईने उत्तर देणे धोक्याचे आहे. पैसे येण्यासाठी आपला पिन कधीही टाकावा लागत नाही. तो मागणारा किंवा त्यासाठी क्यूआर कोड पाठविणारा ग्राहक नव्हे. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे.

चार आठवडे एक साधी वही ठेवावी. प्रत्येक माध्यमावर किती मिनिटे गेली, किती मागण्या आल्या व किती रुपये हाती पडले, एवढे तीन रकाने पुरेत. मिनिटांचा आकडा मोबाईलच्या सेटिंगमध्येच मिळतो. अनेक अँड्रॉइड फोनांत तो 'डिजिटल वेलबीइंग' या नावाखाली असून तेथे एखाद्या ॲपला रोजची मर्यादाही घालता येते. ज्या माध्यमातून महिनाभरात एकही मागणी आली नाही, ते विक्रीसाठी वापरणे बंद करावे. करमणुकीसाठी कोणी ते पाहील, तर तो वेळ करमणुकीच्या खात्यात लिहावा, धंद्याच्या नव्हे.

बचत गटाने हे काम आठवड्याच्या पाळीने एकेका सभासदाकडे द्यावे. पाळी बदलताना अपुऱ्या मागण्या, येणे रक्कम व पाठविलेल्या पार्सलांच्या पावत्या वहीसह पुढील सभासदाच्या हवाली कराव्यात. फोन घरातील मुलाचा असेल, तर शाळेच्या वेळी तो हाती नसतो हे लक्षात घेऊनच ग्राहकास वेळ कळवावी.