सभेची चूक आणि सभेचाच उपाय

प्रतिनिधी न निवडता नागरिकांनी स्वतःच एकत्र येऊन निर्णय घेणे, म्हणजे प्रत्यक्ष लोकशाही. अथेन्समध्ये इ. स. पू. ५०८-५०७ मधील क्लेइस्थेनीसच्या सुधारणांपासून ही पद्धती आकारास आली. नागरिकांची सभा प्निक्स टेकडीवर भरे. चौथ्या शतकात ती वर्षातून ४० वेळा भरत असे. या सभेचे मूळ नाव एक्लेशिया. तिला ‘संसद’ म्हणणे दिशाभूल करणारे ठरेल. आपल्या ग्रामसभेशी तिचे नाते अधिक जवळचे. कोणाही नागरिकास तेथे बोलता येई आणि मत हात वर करून दिले जाई. सभेपुढील विषयांची मांडणी ५०० जणांचे मंडळ करी. हे मंडळ निवडणुकीने नव्हे, तर सोडतीने नेमले जाई. कारण निवडणुकीत धनिक व कुलीन यांचीच सरशी होते, अशी ग्रीकांची धारणा होती. स्त्रिया, गुलाम व परके रहिवासी यांना सभेत स्थान नव्हते. नागरिकाला सभेस जाण्याची उसंत मात्र पुष्कळदा त्यांच्याच श्रमांमुळे मिळे.

अशा सभेच्या हातून चूक झाली, तर ती कोणी सुधारावी? इ. स. पू. ४२७ मध्ये हा प्रश्न अथेन्सपुढे उभा राहिला. लेस्बॉस बेटावरील मिटिलीनी नगराने केलेले बंड मोडल्यावर संतप्त सभेने ठरविले की, तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार करावे व स्त्रिया-मुलांना गुलाम करावे. हुकूम घेऊन जहाज निघाले. रात्र सरली आणि लोकांना पश्चात्ताप वाटू लागला. दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरली. क्लेऑनने पहिल्याच निर्णयाचा आग्रह धरला. डायोडोटसने दयेची याचना न करता, हा संहार अथेन्सच्याच हिताचा नाही, असे प्रतिपादन केले. मते जवळजवळ समसमान पडली, पण डायोडोटस जिंकला. दुसरे जहाज धाडण्यात आले. त्यावरील वल्हेकऱ्यांनी मद्य व तेलात मळलेले जवाचे पीठ वल्हे मारता मारताच खाल्ले आणि पाळीपाळीने झोप घेतली. हुकूम वाचून झाला होता, अंमल व्हायचा होता, इतक्यात ते पोहोचले. नगर वाचले, बंडाचे म्होरके मात्र मारले गेलेच.

थोड्याशा मताधिक्याने एका नगराचे प्राण वाचावेत, ही गोष्ट मनाला अस्वस्थ करते. मताधिक्याचा हा धोका टाळू पाहणारी एक सभा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे ५०० वस्तीचे गोंड गाव. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार असले, तरी आमच्या गावात आम्हीच सरकार, ही या गावाची भूमिका. येथील ग्रामसभेत स्त्री-पुरुष दोघेही बसतात आणि निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला, तर विषय पुढील सभेवर जातो. त्याखेरीज अभ्यासगट असतो. तेथे बाहेरच्या जाणकारालाही बोलाविता येते, चर्चा मनसोक्त होते, पण निर्णय मात्र घेतला जात नाही. विचार करण्याची जागा आणि ठरविण्याची जागा अशी वेगळी ठेवणे, हे मला या व्यवस्थेचे मर्म वाटते. अर्थात सर्वसहमतीला वेळ लागतो, आणि गप्प बसलेल्याचे मौन म्हणजे संमतीच, असे धरून चालता येत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यान्वये या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही तोडलेला बांबू बाहेर नेण्याचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडावा लागला.