स्नायू आणि उष्णतामान

पौष महिन्याच्या पहाटे गव्हाला पाणी देता देता शेतकऱ्याचे हात गारठून जातात. मग दोरीची साधी गाठ सोडावयाची म्हटली तरी बोटे चटकन ऐकत नाहीत. थंडीने स्नायूला असे काय होते? नुसत्या डोळ्यांनी हे कळणे कठीण. बेडकाच्या स्नायूचे एक आकुंचन एका सेकंदाच्या जेमतेम दहाव्या हिश्शात आटोपते!

ही अडचण जर्मन शास्त्रज्ञांनी दूर केली. कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये नोंदी घेणारा फिरता दंडगोल तयार केला. पुढे १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या स्नायूच्या आकुंचनाचा काळ मोजला. त्यानंतर हा प्रयोग जगभरच्या शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळांत रूढ झाला. आता अनेक ठिकाणी तो संगणकाच्या पडद्यावर दाखवतात आणि बेडकाचा जीव वाचतो, हे चांगलेच झाले.

प्रयोगाची मांडणी साधी असे. नुकत्याच मारलेल्या बेडकाच्या पोटरीचा स्नायू मिठाच्या सौम्य द्रावणात ठेवीत. त्याचे एक टोक पक्के बसवीत व दुसरे एका हलक्या तरफेला बांधीत. तरफेचे टोक दंडगोलावरील काजळी धरलेल्या कागदाला टेकलेले असे. मज्जातंतूला विजेचा सौम्य धक्का देताच स्नायू आखडे, तरफ उचलली जाई आणि काळ्या कागदावर टेकडीसारखी पांढरी रेघ उमटे. टेकडीचा चढ म्हणजे आकुंचन, उतार म्हणजे शिथिल होणे.

आता द्रावण थंड केले की टेकडी पसरट होई. स्नायू उशिरा आखडे आणि सैल पडावयास त्याहूनही अधिक वेळ घेई. द्रावण कोमट केले की तीच टेकडी अरुंद होई. सारे काम झटपट उरके. स्नायूचे आकुंचन हे मुळात रासायनिक क्रियांवर चालते आणि अशा क्रिया उष्णतेने वेग घेतात, थंडीने मंदावतात.

पण उष्णता वाढवीतच नेली तर? चाळीस अंश सेल्सिअसच्या थोडे पुढे गेल्यावर विजेचा धक्का न देताही तरफ हळूहळू वर चढे, आणि पुन्हा खाली येत नसे. उकडलेल्या अंड्याचा बलक जसा घट्ट होतो, तशी स्नायूतील प्रथिने गोठलेली असत. गारठलेला स्नायू ऊब मिळताच पूर्ववत काम करू लागे. अतिउष्णतेने ताठलेला मात्र कितीही थंड केला तरी सैल होत नसे.

मनुष्याचे शरीर आपले उष्णतामान ३७ अंशांच्या आसपास राखते. थंडीत हुडहुडी भरते ती त्यासाठीच. स्नायू भराभर आखडतात, सैल पडतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. सरड्याजवळ ही सोय नाही. सकाळी कुंपणावर तो निश्चल बसलेला दिसतो, तो ऊन अंगात मुरण्याची वाट पाहत.