कोंकणपट्टीच्या बागेंत कॉसमॉसची लागवड

कॉसमॉसचें झाड पुरुषभर वाढतें, पण फूल धरीत नाहीं, अशी पुष्कळ बागाईतदारांची तक्रार असते. अशा वेळीं दोष बियाण्याच्या माथीं मारला जातो. वस्तुतः बहुधा दोनच गोष्टी चुकलेल्या असतात : खत अधिक पडलेलें असतें, किंवा पेरणीची वेळ साधलेली नसते.

मूळ व जाति :— हें झाड मूळचें मेक्सिको देशाचें असून झेंडू-सूर्यफुलाच्या कुळांतलें आहे. स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानिलेस यांनीं १७९१ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. बागेंत दोन जाति आढळतात. पहिलीचीं पानें शेपूसारखीं बारीक व फुलें गुलाबी, पांढरीं किंवा किरमिजी असतात. दुसरीचीं पानें त्याहून रुंद व फुलें पिवळीं अथवा नारिंगी असतात.

हंगाम :— दिवस लहान व रात्र मोठी होऊं लागली कीं फुलावर येणें, हा पहिल्या जातीचा स्वभाव आहे. जून महिन्यांत पेरल्यास ती पावसांत नुसती पाल्यानें माजते व वाऱ्यानें लोळते. नवरात्राच्या सुमारास पाऊस ओसरला कीं पेरणी करावी. म्हणजे दोन ते अडीच महिन्यांत फूल येतें. कोंकणांत कडाक्याची थंडी नसल्यामुळें रोपांस धोका नसतो.

जमीन :— निचऱ्याची, हलकी, जांभ्याची जमीन उत्तम. माड-पोफळीच्या खतावलेल्या आळ्यांत हें बीं टाकूं नये. नत्र अधिक मिळाल्यास पाला वाढतो व फूल लांबतें. जागा भर उन्हाची असावी. मात्र खाऱ्या वाऱ्याच्या बाजूस कुंपणाचा आडोसा ठेवावा.

पेरणी व निगा :— बीं जागच्या जागीं ओळींत, पाव इंच खोल पेरावें व झारीनें पाणी द्यावें. सुमारें आठ दिवसांत उगवण होते. रोपें बोटभर झालीं म्हणजे विरळणी करून दोन रोपांत एक फूट अंतर राखावें. रोप फूट-दीड फूट होतांच शेंडा खुडावा. म्हणजे फांद्या फुटतात. उंच झाडांस काठीचा आधार द्यावा. पुढें माती दोन बोटें खोल सुकल्यावरच पाणी द्यावें. सुकलेलीं फुलें एक दिवसाआड खुडल्यास बहर लांबतो.

बीं धरणें :— उत्तम झाडांवरील कांहीं फुलें राखून तीं वाळूं द्यावींत. मधमाशांमुळें रंगांची सरमिसळ होते, म्हणून एकच रंग हवा असल्यास इतर रंगांचीं झाडें वेळींच काढावींत. बीं उन्हांत वाळवून, पावसाळ्यापूर्वीं घट्ट झांकणाच्या बाटलींत भरावें. दमट हवेनें त्यास बुरशी लागते.

एक सूचना :— पिवळी जाति बागेच्या सीमेंत राहत नाहीं. पश्चिम महाराष्ट्रांत ती रस्त्याकडेला व डोंगरउतारांवर आपोआप पसरलेली आहे. आपल्या कातळसड्यांवर पावसाळ्यांत जें गवत व ज्या लहान वनस्पति येतात, त्यांवर आपलीं गुरें चरतात. त्यांतील कांहीं वनस्पति तर जगांत अन्यत्र मिळत नाहींत. तेथें ही जाति शिरल्यास हद्दीचा दगड तिला अडविणार नाहीं. म्हणून सड्यालगतच्या बागाईतदारांनीं पिवळी जाति लावूं नये. ज्यांनीं लावली असेल त्यांनीं बीं पिकण्यापूर्वींच बोंडें खुडून जाळावींत. शोभेस शेपूच्या पानाची जाति पुरेशी आहे.