अनिसाकिसचा रिपोर्ट हातात आल्यावर

रक्तात अनिसाकिस या माशांतल्या परजीवी अळीविरुद्धची आयजीई ही ॲलर्जीची अँटीबॉडी सापडली, एवढ्यावरून कुणी मासे सोडू नयेत. आणि ती सापडली नाही म्हणून पोटदुखी अंगावरही काढू नये. टोकियोत राहून हे मी माझ्याच रिपोर्टवरून शिकले.

शिमेसाबा म्हणजे मीठ आणि व्हिनेगर लावून मुरवलेला, पण कच्चाच साबा. आपल्या बांगड्याच्या नात्यातला. व्हिनेगरने अळी मरत नाही. तो खाऊन झोपले आणि रात्री अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. दवाखान्यात आधी माशाचीच ॲलर्जी धरली. रिपोर्टमध्ये मात्र साबापुढे ० श्रेणी होती, अनिसाकिसपुढे ३. (तिथे श्रेणी ० ते ६ असतात.) माशाच्या आतड्यांवर नि मांसात वेटोळं घालून बसणारी ही पांढरी अळी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची. साबा खाऊन गांधी येणाऱ्या रुग्णांचं शरीर माशाला नव्हे, या अळीला प्रतिसाद देत होतं, हे जपानी डॉक्टरांनी १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं होतं.

तरीही डॉक्टरांनी त्या ३ वर लगेच शिक्का मारला नाही. काय खाल्लं, कच्चं की शिजलेलं, किती वेळाने त्रास झाला, हे खोदून विचारलं. मग म्हणाले, धुळीची ॲलर्जी आहे का? कोळंबीची? या प्रश्नाचं मोल मला नंतर कळलं. ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन अळीत असतं, तसंच कोळंबीत, झुरळात आणि धुळीतल्या माइटमध्येही. त्यामुळे धुळीने शिंकणाऱ्या माणसाच्या रक्तातही अनिसाकिसचा आकडा दिसू शकतो, मासे त्याला बिनबोभाट पचत असले तरी. अशा वेळी ‘ॲनी एस १’ या अळीच्या मुख्य प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी तपासता आली तर उलगडा होतो. ती सोय सगळीकडे नसते. पण विचारावं जरूर.

कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत पोटात भोसकल्यासारखं दुखू लागलं, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहू नका. पहिल्या लागणीत अँटीबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, आणि जुनी असेल तर ती वर्षानुवर्षं रक्तात राहते. तेव्हा त्या दिवशीचा आकडा फसवा. एंडोस्कोपीत मात्र जठराच्या अस्तरात तोंड खुपसलेली अळी डोळ्यांना दिसते आणि तिथल्या तिथे चिमट्याने काढता येते. अळी पुढे आतड्यात गेली असेल, तर तिथे दुर्बीण सहज पोचत नाही. तेव्हा काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन अँटीबॉडी वाढली का, हे पाहणं कामी येतं.

उणे २० अंशांवर २४ तास गोठवलं किंवा नीट शिजवलं की अळी मरते, लागण टळते. ॲलर्जी टळेलच असं नाही, कारण अळीची काही प्रथिनं उष्णतेतही टिकतात. म्हणून शिजलेला साबा मला चालतो का, हे डॉक्टरांनी स्वतःच्या देखरेखीखाली थोडाथोडा खायला देऊन पाहिलं. घरी हा प्रयोग कुणीही करू नये.