नफ्याला बंदी नाही, वाटपाला आहे

प्रश्न : आमचा बारा जणींचा गट नाचणीचे पापड आणि पीठ विकतो, सोबत गावातल्या मुलींना मोफत प्रशिक्षणही देतो. ‘कलम 8 कंपनी’ काढली तर नफा कमावता येत नाही, पगारही घेता येत नाही असे ऐकले. एक गुंतवणूकदार तयार आहेत. काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : कंपनी कायदा, 2013 मधील कलम 8 नफ्याला मनाई करत नाही, मनाई आहे ती सभासदांना लाभांश वाटण्याला. नफा उद्दिष्टांसाठीच वापरावा लागतो. कामाचा वाजवी पगार घेता येतो. अडचण आहे ती गुंतवणूकदाराची : लाभांशच नसेल तर तो भांडवल कशाला घालील?

अशा दुहेरी कामासाठी ब्रिटनमध्ये 2005 पासून ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ आहे. भारतात तसा खास साचा नाही. म्हणून प्रशिक्षण व देणग्यांसाठी न्यास किंवा कलम 8 कंपनी, आणि विक्रीसाठी प्रायव्हेट लिमिटेड, अशी जोडी लावतात. खरी जोखीम दोहोंमधल्या व्यवहारात असते. देणगीतून घेतलेली पिठाची गिरणी विक्री कंपनी फुकट वापरू लागली, की न्यासाची करसवलत धोक्यात येते. लेखी करार, बाजारभावाने भाडे आणि वेगळी बँक खाती हवीतच.

मालकी महिलांकडेच ठेवायची असेल तर उत्पादक कंपनी सोयीची. दहा उत्पादक पुरतात, त्यामुळे बारा जणींना चिंता नाही. बाहेरच्या गुंतवणूकदाराला मात्र सभासदत्व मिळत नाही. त्याच्याशी बोलणी नोंदणीआधीच उरकावीत, कारण कलम 8 कंपनीचे रूप नंतर बदलायला सरकारी मंजुरी लागते.