समुद्री गरुड पिलांना काय भरवतो आणि मासळी कुठून आणतो?

पावसाळा संपून होड्या नियमित सुरू झाल्या की किनाऱ्यावर समुद्री गरुडाचीही घरटे बांधायची गडबड सुरू होते. कोकणात याला काही ठिकाणी काकण म्हणतात. "हा आपली मासळी खातो" अशी काहींची तक्रार असते. म्हणून आज थोडा अभ्यास करूया.

ओळख कशी पटवायची?
डोके, मान आणि पोट पांढरे, पाठ राखाडी, शेपूट आखूड व पाचरीसारखे. पंख पसरले की सुमारे दोन मीटर भरतात. तपकिरी पाठ आणि पांढरे डोके असलेली लहान घार वेगळी, ती ब्राह्मणी घार. दोघांत गल्लत करू नका.

घरटे कधी, कुठे?
आपल्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण ऑक्टोबरपासून. समुद्र किंवा खाडी जवळ असलेले उंच, जुने झाड तो निवडतो. काटक्यांचे तेच घरटे दरवर्षी डागडुजी करून वापरतो, म्हणून ते वाढत वाढत मोठे होते. अंडी बहुधा दोन. सुमारे सहा आठवडे उबवायची, मग पिले दहा-अकरा आठवडे घरट्यात. म्हणजे आपल्या ऐन हंगामात त्याच्याही घरी खाणारी तोंडे असतात. पिले लहान असताना मादी जास्त वेळ घरट्यावर बसते, शिकार बहुतेक नर आणतो आणि मादी तुकडे करून भरवते.

खातो काय?
मुख्य म्हणजे मासे आणि समुद्री साप. त्याशिवाय खेकडे, पाणपक्षी, कधी लहान कासव आणि किनाऱ्याला लागलेली मेलेली मासळीसुद्धा. समुद्री साप का? कारण सापाला श्वास घ्यायला वर यावेच लागते. वर आला की गरुडाला सापडला.

मासा कुठून धरतो?
इथे लक्ष द्या. समुद्री गरुड खोल बुडी मारत नाही. हिवाळ्यात बाहेरून येणारी मीनघार पाण्यात सूर मारते, हा मात्र वरच्या थरातला मासा उडता उडता पायाने उचलतो. त्याच्या तळव्यांवर खरखरीत काटे असतात, त्यामुळे बुळबुळीत मासा निसटत नाही. म्हणून त्याची जागा ठरलेली: नदीचे मुख, खाडी, भरती-ओहोटीच्या वेळी उथळ पाणी, खाजनातल्या मानशीची तोंडे. तिथे शेवटे वर खेळतात. तारल्यांचा थवा वर आला तर तिथेही तो घिरट्या घालतो. घारीच्या किंवा मीनघारीच्या पायातला मासा हिसकावणे हीसुद्धा त्याची खोड. ट्रॉलरवरून टाकून दिलेली मासळीही तो उचलतो.

मग आपले नुकसान होते का?
हिशेब करून बघा. पक्षी दोन ते चार किलोचा. एवढ्या मोठ्या गरुडाला दिवसाला साधारण स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढे अन्न पुरते. जोडी आणि पिले धरली तरी एक-दीड किलोच्या आसपास. त्यातही साप आणि टाकाऊ मासळी आली. खोल पाण्यातल्या आपल्या जाळ्याला तो हात लावू शकत नाही. उलट ज्या खाडीत त्याची पिले दरवर्षी वाढतात, तिथे मासळी अजून आहे हे समजावे.

आपण काय करायचे?
१. फाटलेली जाळी, नायलॉनची दोरी पाण्यात टाकू नका. पक्षी ती घरट्यात नेतात आणि पिलांचे पाय अडकतात. गोळा करून किनाऱ्यावर आणा.
२. जाळ्यात समुद्री साप आला तर उघड्या हाताने धरू नका, तो फार विषारी असतो. काठीने सोडवून परत पाण्यात सोडा.
३. घरटे असलेले झाड तोडू नका, फांद्या छाटू नका. हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, घरटे मोडणे गुन्हा आहे. तुमच्या आवारात घरटे असेल आणि झाड धोकादायक झाले असेल, तर आधी वनखात्याला कळवा.
४. फोटोसाठी घरट्याखाली गर्दी करू नका. मादी उठली की अंडी व पिले उन्हात आणि कावळ्यांच्या तावडीत सापडतात.

तुमच्या वाड्यावर घरटे असेल तर खाली कळवा, पण नेमकी जागा सगळ्यांसमोर लिहू नका. घरातल्या मुलांनाही हा पाठ वाचून दाखवा.

सचिव