अमंगळ पक्ष्याचे ऋण

मुलांनो, गिधाड हा पक्षी दिसण्यात मुळीच सुंदर नाही. त्याची मान बोडकी, चाल बेढब आणि अन्न म्हणजे मेलेली जनावरे! म्हणून लोकांनी त्याला सदैव अमंगळ मानले. परंतु त्याचे मोल किती मोठे होते, हे तो दिसेनासा झाल्यावरच आपणांस कळले.

पूर्वी विदर्भातील खेड्यात एखादा बैल मेला, म्हणजे त्याला गावाबाहेर नेऊन टाकीत. थोड्याच वेळात आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत आणि खाली उतरून पाहता पाहता मांसाचा फडशा पाडीत. मागे उरत ती केवळ हाडे. गिधाडाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की, मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात नष्ट होतात.

1990 नंतर मात्र गिधाडे झपाट्याने मरू लागली. पंधरा-वीस वर्षांत भारतातील त्यांच्या तीन जातींतील शेकडा 95 हून अधिक पक्षी नाहीसे झाले. याचे कारण 2004 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उमगले. गुरांच्या वेदना शमविण्यासाठी डायक्लोफिनॅक नावाचे औषध देत असत. असे जनावर लवकरच मेले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात राही आणि ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. औषध दिले बैलाच्या भल्यासाठी, प्राण गेले गिधाडांचे!

गिधाडे गेली, तशी मेलेली जनावरे उघड्यावर कुजू लागली. त्यांवर मोकाट कुत्रे पोसले गेले. कुत्रे वाढले, तसे रेबीजसारख्या भयंकर रोगाचे भयही वाढले. अशा रीतीने आभाळातील एक दुवा तुटला आणि त्याचा धक्का आपल्या अंगणापर्यंत पोहोचला.

2006 साली सरकारने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. 2024 साली हरियाणातील पिंजोर येथील केंद्रातून आणलेली दहा गिधाडे नागपूर जिल्ह्यातील पेंचच्या जंगलात सोडण्यात आली. परंतु गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. जे काही वर्षांत नाहीसे झाले, ते भरून येण्यास फार मोठा काळ लागेल.

तेव्हा कोणत्याही जिवाला निरुपयोगी म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. त्याचे आपल्यावर कोणते ऋण आहे, हे आपणांस ठाऊक असतेच असे नाही.

स्वाध्याय
1. गिधाडे नाहीशी झाल्याने माणसाची कोणती हानी झाली?
2. तुमच्या परिसरातील एखादा ‘निरुपयोगी’ प्राणी कोणाच्या उपयोगी पडतो, ते पाहून पाच वाक्ये लिहा.